आठ वर्षांची अट

डोहाळजेवण सातव्यात करायचं असतं, नवव्यात नाही, हे सुनेत्राबाईंनी कराडहून फोनवर किती वेळा सांगितलं होतं. पण अप्पांच्या व्हिसाला उशीर झाला, मग विम्याच्या कागदात काहीतरी राहिलं, आणि सासू-सासरे जर्मनीत रेगेन्सबर्गला पोचेपर्यंत कोजागरी उलटून गेली. आता दिवाळी तोंडावर आली होती आणि स्वरूपाला खुर्चीतून उठायला कुणाचा तरी हात लागत होता. तरी कार्यक्रम झाला, आणि झोकात झाला. फुलांच्या वाडीला शेवंती कुठून आणणार, म्हणून लतिकाने म्युनिकच्या बाजारातून पांढरे आस्टर आणले आणि येताना गाडीत मुलीला गजरे करायला बसवलं. वासंती, वीणा, वाल्डॉर्फहून मुद्दाम आलेला नागेश आणि त्याची बायको, सगळे जेवले, बायकांनी ओटी भरली, पेढा की बर्फी यावरून यथेच्छ थट्टा झाली, आणि चारच्या सुमाराला मंडळी पांगली.

दार लागलं आणि घरात घरचेच उरले. मोघ्यांच्या घरात पाहुणे असेपर्यंत सगळे गोड असतात. खरं बोलणं नंतर सुरू होतं.

सुरुवात लतिकाने केली. थोरली सून ती. बावीस वर्षं म्युनिकमध्ये काढलेली, कुठल्या कचेरीत कुठला कागद लागतो हे तोंडपाठ असलेली. तिचा नवरा देवदत्त कारखान्याच्या कामाला हंगेरीत अडकला होता, म्हणून ती लेकीला घेऊन एकटीच आली होती. सोमवारी सुट्टी टाकलीच आहे, ती म्हणाली, तर मी आणि हृषी जन्मनोंदणीच्या कचेरीत जाऊन येतो. बाळाच्या पासपोर्टासाठी बापाचे आधीचे कागद बघतात, ते आत्ताच दाखवून ठेवू, म्हणजे बाळंतिणीला घरात ठेवून धावपळ नको.

स्वरूपाचा नवरा हृषिकेश म्हणाला, बघू. आणि रिकामे पेले उचलून स्वयंपाकघरात गेला.

स्वरूपा अंगावरची फुलं तशीच ठेवून सोफ्यावर टेकून बसली होती. बघू म्हणजे काय, तिच्या मनात आलं. याच एका कारणासाठी तर ती इथे होती. पहिलं बाळंतपण माहेरी, मिरजेला, हे लग्न ठरतानाच गृहीत धरलेलं. तिथून तिची आई येऊ शकत नव्हती, कारण वडील अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. मग आपणच जायचं, असं तिने ठरवलंही होतं, सप्टेंबरचं तिकीटही काढलं होतं. त्यावर उन्हाळाभर या घरात रणं माजली. लतिकाताईंनी म्युनिकहून रोज फोन करून तिला समजावलं की इथे जन्मलं तर मूल जर्मन, मिरजेला जन्मलं तर नाही, आणि नंतर कितीही डोकं आपटलं तरी जन्माची जागा बदलता येत नाही. शेवटी ती ऐकायला तयार झाली. तिची समजूत पटली होती असं नाही, पण मुलाचं भलं आडवं आलं की आईने हट्ट कसा करायचा. तिने आईला फोन करून सांगितलं, आणि आई पलीकडून बराच वेळ काही बोललीच नाही.

तिला भीती वाटत होती. ती लपवायचंही तिने आता सोडून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात तिचा गर्भपात झाला, तेव्हा हृषिकेश कामासाठी परगावी होता आणि ती इथल्या दवाखान्यात एकटीच होती. डॉक्टरीणबाई प्रेमाने बोलत होत्या, पण तिला तेव्हा जर्मनचा एकही शब्द कळत नव्हता. सगळं संपलंय हे तिला त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं. त्या दिवसापासून तिला एकच हवं होतं. पुढच्या वेळी आई पाहिजे.

अप्पांनी चष्मा पुसला. साखर कारखान्यात चीफ केमिस्ट म्हणून जन्म गेलेला माणूस, प्रत्येक गोष्टीचा कस काढल्याशिवाय बोलायचा नाही.

"लतिका, तुझं पासपोर्टाचं खूळ काही जात नाही," ते म्हणाले.

"खूळ नाही, अप्पा."

मग अप्पांनी आपलं नेहमीचं सुरू केलं. या जर्मन लोकांनी कैसरच्या काळापासून रक्तावरून नागरिक ठरवला. बाप जर्मन तर पोर जर्मन, मग ते कुठेही जन्मो. ते काय वेडे होते? जमीन बदलते, घर बदलतं, रक्त बदलत नाही. आता दोन हजार सालापासून यांना वाटलं, परक्याचं पोरही इथे जन्मलं की आपलं. बापाची इथे राहून आठ वर्षं झालेली असली की पुरे. आणि वर अठरा-तेविसाच्या दरम्यान त्याच पोराने ठरवायचं, बापाचा देश ठेवायचा की हा. असलं नागरिकत्व काय कामाचं, जे कॉलेजात गेल्यावर परत विचारणार?

"त्यांनी कायदा बदलला, अप्पा. आपण बदललो नाही," लतिका म्हणाली.

सुनेत्राबाईंनी थोरल्या सुनेकडे पाहिलं. पुढे काय येणार हे त्यांना माहीत होतं. हे गळू सहा वर्षं ठसठसत होतं. ईप्सिता चौऱ्याण्णव साली म्युनिकमध्ये जन्मली. तेव्हा जुनाच कायदा होता, म्हणून ती जन्माने काहीच झाली नाही, बापासारखी परदेशीच. मग नवा कायदा आला तेव्हा आधी जन्मलेल्या लहान मुलांसाठी एक वर्षभर दार उघडं ठेवलं होतं. अर्ज करा आणि घ्या. लतिकाने सगळं तयार ठेवलं. अप्पांनी कराडहून फोन केला, माझी नात परकी होणार असेल तर मला तोंड दाखवू नका म्हणाले, आणि देवदत्तने बापाला शब्द दिला. वर्ष संपलं, दार बंद झालं. लतिका तेव्हा रडली नाही, भांडली नाही. तिने फक्त त्या दिवाळीला कराडला फराळ पाठवला नाही.

"मी रस्त्यावर मेज टाकून बसलेले लोक पाहिलेत," लतिका आज बोलतच सुटली. कायद्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या स्टेशनबाहेर सह्या घेत होते, परदेश्यांना दोन पासपोर्ट नकोत म्हणून. ईप्सिताला रोज बिस्किट देणारी शेजारची आजी रांगेत उभी राहून सही करत होती. मला पाहून हसली, गुटन मोर्गन म्हणाली, आणि सही केली. त्यांनी एवढा विरोध करूनही कायदा झाला. आणि आम्ही काय केलं, तर तो घेतलाच नाही. परवा आउसलेंडरआम्टमध्ये, परदेशी लोकांच्या कचेरीत, ईप्सिताच्या परवान्याचा नवा शिक्का घ्यायला गेले. इथे जन्मलेली पोर, इथल्या मुलांपेक्षा चांगलं बव्हेरियन बोलते, आणि तिला राहायची परवानगी मागायला रांगेत उभी करते मी.

ईप्सिता खिडकीशी बसून पेढा खात होती. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र जर्मनमध्येच द्यायची.

"इश बिन डोख हिअर गेबोरेन, आजोबा," ती म्हणाली. मी इथेच जन्मले ना.

"जन्मलीस गं," अप्पा म्हणाले, "पण तू कोणाची?"

ती हात पुसून खाली अंगणात गेली. सुनेत्राबाईंना ते फार लागलं. पोरीला असं विचारतात का.

स्वयंपाकघरात हृषिकेश पेले धुऊन झाले तरी नळ बंद करत नव्हता. त्याला जे माहीत होतं ते या घरात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. सप्टेंबरात तो सहज म्हणून कचेरीत चौकशीला गेला होता. दहा वर्षं झाली, कायमचा परवाना आहे, सगळं ठीक असणार याची त्याला खात्री होती. काउंटरवरची बाई सज्जन होती. तिने आल्झो, बघू या, म्हणत पुन्हा पुन्हा तपासलं आणि सांगितलं की मधे तुम्ही सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर होतात. त्यात तुमचा जुना परवाना संपला, तुम्ही नव्या व्हिसावर परत आलात. बाळाच्या जन्मासाठी मोजायची आठ वर्षं तिथून पुढची, आणि ती अजून भरायची आहेत. बाहेर येऊन बसच्या थांब्यावर त्याने किती बस सोडल्या त्याचं त्याला भान नव्हतं. घरी आला आणि मूग गिळून बसला. आज ना उद्या सांगू, असं करता करता महिना गेला.

आणि आता बाहेरच्या खोलीत अप्पांनी ऑपरेशनची गोष्ट काढली. त्याला ऐकू येत होतं. धावत जाऊन बापाच्या तोंडावर हात ठेवावा असं त्याला वाटलं, पण त्याने धुतलेलाच पेला पुन्हा नळाखाली धरला.

"रक्ताचं मोल काय असतं ते मला विचार," अप्पा म्हणत होते, आणि त्यांचा आवाज चढला होता. "माझी छाती उघडली तेव्हा थोरल्याला रजा मिळाली नाही. मी काही बोललो नाही. पण हा धाकटा, शिक्षण अर्धं टाकून आला. गणपतीच्या आधी आला तो रामनवमी करूनच गेला. माझं अंग पुसलं, मला पायऱ्या चढायला शिकवलं. हे रक्त. हे काही तुमच्या पासपोर्टात छापून मिळत नाही."

लतिकाला आधी राग आला. देवदत्तचं नाव असं निघालं की तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती तोंड उघडून काहीतरी जहाल बोलणार, तोच मधेच थांबली. तिने मनात गणपती ते रामनवमी मोजलं.

"माई," ती सासूबाईंकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही तर तेव्हा म्हणाला होतात, हृषी महिनाभर येऊन गेला."

सुनेत्राबाई गोंधळल्या. खरं होतं ते. तेव्हा दोघा भावांत अबोला होता. हृषिकेश आखेनला शिकत होता, म्युनिकशी त्याचा काही संबंध नव्हता. थोरला आला नाही आणि धाकटा अख्खा हिवाळा बसून राहिला, हे थोरल्या सुनेला कळलं तर तिला टोचेल, दोन घरांत आणखी फट पडेल, म्हणून त्यांनी महिनाभर असं सांगून वेळ मारून नेली होती. चांगल्या हेतूने सांगितलं होतं. त्यानंतर कुणी विचारलंही नाही.

"तुला वाईट वाटू नये म्हणून, गं," त्या म्हणाल्या. "का, काय झालं?"

लतिका उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. हृषिकेशने अजून पाठ वळवलेली होती.

"हृषी, नळ बंद कर," ती म्हणाली. "तू सहा महिन्यांच्या वर बाहेर होतास?"

"या," तो जर्मनमध्ये म्हणाला. मग मराठीत म्हणाला, "हो."

"मग आठ वर्षं कुठून मोजतात ते तुला ठाऊक आहे का?"

तो वळला. त्याचा चेहरा पाहिल्यावर लतिकाला पुढचं विचारायची गरज उरली नाही. तिनेच उन्हाळाभर त्या पोरीला समजावलं होतं. तिनेच तिला मिरजेला जाऊ दिलं नव्हतं.

स्वरूपा सोफ्याचा हात धरून स्वतःच उठली होती. कुणी आधार द्यायला धावलं नाही, कारण कुणाच्या लक्षात आलं नाही. तिने काय चाललंय ते शांतपणे विचारलं, आणि लतिकाने सांगून टाकलं. बाळ इथे जन्मलं तरी जर्मन होणार नाही. मिरजेला जन्मलं असतं तरी तेच, इथे जन्मलं तरी तेच. काहीही फरक नाही.

अप्पांना सगळ्यात उशिरा उमगलं. ते एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघत राहिले.

"म्हणजे माझ्या आजारपणामुळे," ते म्हणाले.

"नाही," सुनेत्राबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या कुणाच्याच बाजूने नव्हत्या, आता मात्र त्यांचा आवाज ठाम होता. "तो तुमच्यासाठी आला ते बरोबरच केलं त्याने. त्याचं खापर तुम्ही स्वतःवर फोडू नका, आणि तोही तुमच्यावर फोडणार नाही. हृषी, तुला हे आज कळलं?"

हृषिकेशने मान हलवली. आज नाही.

"कधी?" स्वरूपाने विचारलं.

"सप्टेंबरात."

"सप्टेंबरात कधी? तू माझं तिकीट रद्द केलंस त्याच्या आधी, की नंतर?"

हृषिकेशला खोटं बोलता आलं असतं. एक शब्द तर बदलायचा होता. पण तो मनाने वाईट नव्हता, भित्रा होता, आणि त्या क्षणी त्याची भीतीही संपली होती.

"आधी," तो म्हणाला. "दोन-तीन दिवस आधी."

स्वरूपा मनगटावरचा आस्टरचा गजरा ओढून काढू लागली. दोरा तुटेना, तेव्हा लतिकाने पुढे होऊन तो सोडवला.

तो बोलू लागला. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. त्याने सांगितलं की ठरवून नाही केलं, कचेरीतून आला तेव्हा सांगायचंच होतं. पण सांगितलं असतं तर ती गेली असती. मागच्या वेळी तो नव्हता, ती दवाखान्यात एकटी पडली, ते त्याच्या मनातून एक दिवस गेलं नाही. या वेळी त्याला तिथे असायचं होतं. तिचा हात धरून. मिरजेला गेली असती तर त्याला बाळ झाल्यावर फोन आला असता, आणि विमान धरून पोचेपर्यंत सगळं उरकलं असतं. सगळ्यांनी मिळून तिला आधीच थांबायला तयार केलं होतं, मग तो नुसता गप्प बसला. एवढंच.

"मागच्या वेळी तू नव्हतास," स्वरूपा म्हणाली, "म्हणून या वेळी माझी आई नको?"

हृषिकेशने खुर्ची तिच्याकडे सरकवली, ती बसली नाही.

"आता विमानात घेणार नाहीत मला. तुला माहीत होतं ना, की थोडे दिवस गप्प बसलास की मला जाताच येणार नाही?"

तिला रडू येत नव्हतं. स्वतःचंच नवल वाटलं तिला. तिच्या मनात आईचं ते फोनवरचं मौन होतं. मुलाच्या भल्यासाठी म्हणून आपण आईला दुखवलं, आणि भलं तर नव्हतंच. हा इतके दिवस तिच्यासमोर जेवत होता, तिचे पाय चेपत होता, आईशी बोलणं झालं का म्हणून विचारत होता. त्या पाय चेपण्याची तिला आता किळस आली.

अप्पा उठून तिच्याजवळ आले. सुनेशी काय बोलायचं हे त्यांना कधीच नीट जमलं नव्हतं. सोमवारी मी येतो कचेरीत, ते म्हणाले, माझ्या ऑपरेशनचे सगळे कागद मागवून घेतो, बापाच्या उशाशी बसणं हा काय गुन्हा आहे का ते विचारतो त्यांना. मुलाला त्याचं मिळालं पाहिजे. दहा मिनिटांपूर्वी ज्या पासपोर्टाला त्यांनी खूळ म्हटलं होतं, त्याच्यासाठी हा माणूस आता हात जोडायला निघाला होता. लतिकाने ते ऐकलं, आणि तिला बरं वाटायच्या ऐवजी संताप आला. माझ्या पोरीच्या वेळी कुठे होतं हे, असं तिच्या ओठांवर आलं. पण म्हातारा बोटांवर आजारपणाचे महिने मोजत उभा होता.

"अप्पा, ते कायद्याने होणार नाही," ती म्हणाली. "पण साधा नागरिकत्वाचा अर्ज करून ईप्सिताचं अजून होऊ शकतं. तुम्ही देवदत्तला शब्दातून मोकळं करा. मी दुसरं काही मागत नाही."

अप्पांनी खिडकीतून खाली अंगणात बसलेल्या नातीकडे पाहिलं. करतो, ते म्हणाले. आज त्याचा फोन आला की मला फोन करायला सांग त्याला.

स्वरूपाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती मनाशी काहीतरी ठरवत होती आणि ठरवून झाल्यावर तिने लतिकाकडे पाहिलं.

"ताई, मी तुमच्याकडे येऊ का? म्युनिकला. बाळंतपणाला."

लतिकाला हुंदका आवरला नाही. उन्हाळाभर मी तुला अडवलं, ती म्हणाली, आणि तू माझ्याकडे येतेस? स्वरूपा म्हणाली, तुम्ही चुकलात ते माझ्या बाळासाठी, आणि मला खोटं नाही सांगितलंत. लतिकाने डोळे पुसले आणि लगेच कामाला लागली. आमच्या घराजवळच्या दवाखान्यात सोमवारी नाव घालू, आत्तापर्यंतचे रिपोर्ट बरोबर घे, ईप्सिताची खोली तुला, तिला हॉलमध्ये झोपवते. बाळंतविड्याचं सामान माई घेऊनच आल्यात, ते सगळं गाडीत टाकते.

हृषिकेशने आईकडे पाहिलं. लहानपणापासून बापाने टाकून बोललं की आईकडे बघायची त्याची सवय. सुनेत्राबाईंनी त्याची नजर ओळखली. पोटचा पोर होता, त्याचा उतरलेला चेहरा त्यांना पाहवत नव्हता. पण त्या उठल्या, आत गेल्या आणि स्वरूपाचा लोकरीचा कोट घेऊन बाहेर आल्या. मग नारळ आणि तांदूळ घेऊन त्यांनी सुनेची पुन्हा एकदा ओटी भरली, सूनबाई माहेरी निघाली की भरतात तशी, आणि लतिकाला म्हणाल्या की हिला पहिले पाच दिवस केस धुऊ देऊ नकोस, आणि अळीव रोज दे.

खाली गाडीपाशी अंधारून येत होतं. ईप्सिताने न सांगता पुढची जागा काकूला सोडली आणि आपण मागे जाऊन बसली. हृषिकेश बॅग घेऊन आला. बॅग ठेवून झाल्यावरही तो गाडीच्या दाराला धरून उभा राहिला.

"स्वरूपा, माझं चुकलं," तो म्हणाला. "तू म्हणशील ते मला कबूल आहे. फक्त कळा सुरू झाल्या की फोन कर. मी दीड तासात पोचतो, रात्री-बेरात्री कधीही. फक्त तेवढं."

स्वरूपाने पट्टा पोटाच्या खालून नीट बसवून घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला जास्त भीती वाटली.

"माहेरी बाळंतपण असलं की नवऱ्याला बाळ झाल्यावर कळवतात," ती म्हणाली. "तसंच कळवू."

तिने दार ओढून घेतलं. लतिकाने दिराकडे न बघता गाडी सुरू केली आणि महामार्गाच्या दिशेने वळवली.